रीनाच्या वर्षाचा पांडा

मोनिकाचा फोन आला तेव्हा मी ऊद मेथाच्या सिग्नलला थांबलो होतो. "दिलीपभाऊ, पास्कल गेला," ती म्हणाली. मी "बरं" म्हणालो. सिग्नल सुटला, मी ऑफिसला पोचलो, दोन मेलना उत्तरंही दिली... याला सहा आठवडे झाले. अजून आतून काही हललेलं नाही.

पास्कल वसईचा, मी पुण्याचा. आखातात नवे आलो तेव्हा देरातल्या एका खोलीत आम्ही सहाजण राहायचो. त्याची खाट माझ्या वरची. पहिली पगारवाढ झाली तेव्हा बाकीच्यांनी गोल्ड सूकमधून, म्हणजे इथल्या सोनेबाजारातून, घरी न्यायला साखळ्या, बांगड्या घेतल्या. हा घेऊन आला चीनचं सोन्याचं नाणं, प्लास्टिकमध्ये सीलबंद, वर बांबू खाणारा पांडा. मी हसलो. तो गंभीरपणे म्हणाला, "सोनं सगळं सारखंच रे. पण हे चित्र जवळपास दरवर्षी बदलतं. गेला पांडा परत निघत नाही." काही वर्षी ही नाणी थोडीच पाडली जातात, आणि टांकसाळीच्या सीलमध्ये जशीच्या तशी राहिलेली तर त्याहून थोडी, हे मला त्याच्याकडूनच कळलं. सूकमधला दुकानदार फक्त वजन बघतो. नाणी जमवणारा न उघडलेल्या सीलसाठी कितीतरी जास्त मोजतो.

पुढे त्याचं मोनिकाशी लग्न झालं, रीना झाली. ती जन्मली त्या वर्षीची नाणी नेमकी कमी निघालेली. पास्कल ते एक नाणं अकरा वर्षं शोधत होता. दोनदा खोटं पदरात पडलं. शेवटी देश सोडून निघालेल्या एका चिनी व्यापाऱ्याकडे मिळालं, तेव्हा त्याने मला ऑफिसमधून खाली बोलावून भर उन्हात ते दाखवलं, तेही दोन बोटांत कडेला धरून. घरी रीनाने हात पुढे केला की म्हणायचा, "लांबून बघ, बाळा." ती चिडायची, "बट इट्स माय इयर, पपा!" तिच्या लग्नात द्यायचं, सील न फोडता, असं त्याचं ठरलेलं होतं.

शेवटचा भेटलो ते हॉस्पिटलात. मोनिका औषधं आणायला गेली होती. त्याने उशीखालून ते नाणं काढलं आणि माझ्याकडे कात्री मागितली. मला कळेपर्यंत सील कापून झालं होतं. "अरे, किंमत गेली ना!" मी ओरडलो. "खलास," तो हसला. नाणं मुठीत धरून बराच वेळ पडून राहिला. "थंड आहे रे... इतकी वर्षं माहीतच नव्हतं." मग म्हणाला, "तू पण धर." मी धरलं. पांडाच्या पाठीवर अंगठा टेकवला आणि परत दिलं.

गेल्या शुक्रवारी मोनिकाने पास्कलने जमवलेली बाकीची नाणी विकायला काढली. तिला वसईला परतायचंय. नाणी जमवणारे एक गुजराती गृहस्थ घरी आले, तेव्हा मीही तिथे होतो. सीलबंद नाणी पाहून खूश झाले. मग बाजूला ठेवलेलं रीनाच्या वर्षाचं नाणं हातात घेऊन दिव्याखाली तिरकं धरलं. "अरे, इस पे तो अंगूठा लगा है. खुला भी है. साफ करवा लो, फिर भी वजन का ही दाम मिलेगा."

मरीनातल्या ऑफिसमधून रीना तशीच आली होती. तिने ते त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. "डोन्ट क्लीन इट. प्लीज." पांडाच्या पाठीवर एकच ठसा होता, बारीक रेघांचा, स्पष्ट. ती माझ्याकडे वळली. "दिलीप अंकल, धिस इज पपा'ज थंब, ना?"

मी माझा हात खिशात घातला.

"हो," म्हणालो.