बाहेर बसवलेली बाई

तीस वर्षं मी नाशिकच्या एका शाळेत चित्रकला शिकवली, पण जुन्या गावातली ती भव्य दगडी मशीद कधी आतून पाहिली नव्हती. निवृत्तीनंतर आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींनी ती बघायची ठरवली, तेव्हा मी वही-पेन्सिल घेऊनच निघाले. आम्ही आठ-नऊ जण होतो. पुढाकार एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचा. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिनही तेच.

मशिदीची देखभाल करणारे म्हातारे चाचा दारातच भेटले. दुपारच्या नमाजाला अजून वेळ आहे, चपला काढा, डोकं झाका आणि निवांत बघा, असं म्हणाले. आम्हा बायकांना त्यांनी पार आतल्या दालनापर्यंत नेलं. खांबांवरची वेलबुट्टी दाखवली. एका कमानीखाली उभं राहून ते हळूच बोलले, तर समोरच्या कोपऱ्यात आम्हाला शब्द न् शब्द ऐकू आला. आम्ही लहान मुलींसारख्या हसलो.

मला खिडकीची दगडी जाळी काढायची होती. ती अंगणातून जास्त चांगली दिसत होती, म्हणून मी बाहेर आले आणि पायरीवर बसले. चाचांनी आतून खुर्ची आणून दिली. "पाठ दुखेल, ताई," एवढंच बोलले. मंडळी आत फिरत होती, मी तासभर चित्र काढत बसले. इतकी सुंदर सकाळ कितीतरी दिवसांत वाट्याला आली नव्हती.

दोन दिवसांनी निफाडहून नणंदेचा फोन आला. "वहिनी, तुम्हाला बाहेर बसवलं होतं म्हणे?"

तिने पाठवलेला फोटो उघडला. खुर्चीत मी, डोक्यावर पदर, मान खाली. वही मांडीवर होती, ती फोटोतून कापली होती. खाली लिहिलं होतं : आपल्याच नाशिकमध्ये आपल्या आयाबहिणींना आत पाऊल टाकू दिलं नाही; ही माउली तासभर उन्हात बसून होती.

त्या सकाळी फोटो आमच्या बँक अधिकाऱ्यांनीच काढला होता. मी त्यांना तडक फोन लावला. ते जराही ओशाळले नाहीत. कुठे ना कुठे असं घडतंच, लोकांना जागं करायला हवं, असं मलाच समजावू लागले.

"घडतं की नाही ते मला माहीत नाही. माझ्या बाबतीत घडलेलं नाही, आणि फोटो माझा आहे," मी म्हटलं.

"मॅडम, तुम्ही फार मनाला लावून घेता."

मग मी ग्रुपवर सगळं खरं लिहिलं. आम्ही पाच बायका आत गेलो होतो. चारजणींनी कमानीखाली फोटोही काढून घेतले होते. एकीनेही तिथे तोंड उघडलं नाही. दोघींनी मला खासगीत हात जोडलेली चित्रं पाठवली, एकीने लिहिलं, कशाला वाईटपणा घेता? दुपारपर्यंत मला ग्रुपमधून काढून टाकलं होतं. त्या माणसापेक्षा मला या चौघींचा जास्त राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच मशिदीत गेले. चाचांना सांगायला शब्द सापडेनात, पण त्यांच्या सुनेने त्यांना तो फोटो आधीच दाखवला होता. "ती खुर्ची माझी चूक झाली का, ताई?" त्यांनी विचारलं.

मी रडले. मग त्यांच्या शेजारी उभं राहून त्यांच्या सुनेकडून एक फोटो काढून घेतला, घडलेलं खरं खाली लिहिलं आणि माझ्या फोनमधल्या प्रत्येक नंबरावर पाठवला. तो कुणी पुढे पाठवल्याचं मला कळलं नाही. पहिला फोटो मात्र परवा देवळ्याच्या एका ओळखीच्या बाईंकडून पुन्हा आला. आता त्याखालच्या मजकुरात मला तहान लागलेली असते आणि कुणी पाणीही देत नाही.