रुमालाखालची किल्ली

दुपारचा खेळ सुटला तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं. पुण्याहून दोन दिवसांसाठी आलेल्या मुलीनं हट्टानं बीडला थिएटरात नेलं होतं. तिच्या लहानपणी मी तिला जादूच्या राज्याची पुस्तकं वाचून दाखवायचो, त्यांच्यावरचा हा सिनेमा.

तेव्हा मी नेकनूरच्या बाजारात बैलांची दलाली करायचो. आता जुने ट्रॅक्टर घेतो आणि विकतो. बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं धरतात. ती बोली मला कुणी शिकवली नाही, मी बघून उचलली.

पुस्तकातला एक प्रसंग माझा जीव की प्राण. राजकन्या किल्ली मागायला एका बुटक्या म्हाताऱ्याकडं जाते आणि दोघं रुमालाखाली सौदा करतात. एक बोट म्हणजे तिच्या आयुष्यातलं एक वर्ष. तिथं आलो की मी पुस्तक पालथं ठेवायचो आणि खांद्यावरचा रुमाल आमच्या हातांवर टाकायचो. पोरगी एका बोटावर अडून बसायची. मी घरी फारसा नसायचोच. बाप म्हणून माझ्याकडं दाखवायला तेवढंच आहे.

सिनेमात राजकन्येनं तलवार उपसली, म्हातारा जळाला आणि किल्ली आपोआप उडत तिच्या हातात आली. सौदाच नाही. घरी येईपर्यंत गाडीत मी सिनेमावाल्यांचा उद्धार करत होतो. मुलगी खिडकीबाहेर बघत होती. दारात गाडी थांबली तेव्हा ती हळूच म्हणाली, "अण्णा, रुमाल पुस्तकात न्हाईच. तो तुमचा हाय."

मी पुस्तक काढायला लावलं. तिनं पान उघडून दिलं. म्हाताऱ्याला राजकन्येची दया येते आणि तो किल्ली देतो. एका ओळीत. मी मागची पानं पाहिली, पुढची पाहिली. हॉस्टेलवर हा प्रसंग सांगितला तेव्हा मैत्रिणी हसल्या आणि तिला तिथंच कळलं होतं, असं ती म्हणाली.

"मग मला सांगितलं कावून न्हाई?"

"तुमच्या सौद्यात मधी कोण पडणार?"

मी खुर्चीत बसलो. इतका वेळ ज्यांच्याशी भांडत होतो, त्यांनी माझं काहीच कापलं नव्हतं. भांडायला कुणी उरलं नाही की माणूस लई दमतो. तरी सिनेमा वाईटच होता, हे मी तिला सांगितलं.

"मग सिनेमाला पाचात किती मार्क द्यायचे?" असं विचारत तिनं ओढणी काढून माझ्या हातावर टाकली आणि खालून माझी चार बोटं धरली. मी तिचं एकच धरलं. तिनं एक सोडलं, तीन ठेवली. मी हललो नाही. तिलाही घाई नव्हती.