सोमवारच्या आधीचा फ्लेक्स

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, तर भातकुलीच्या स्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या चाचांचे. ते आणि माझे वडील एका वर्गातले. बारावीनंतर काय करायचं हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा चाचा दुकान बंद ठेवून मला अकोल्याला घेऊन गेले. कॉलेजच्या खिडकीशी उभं राहून त्यांनी एकेक कागद दोनदोनदा विचारून घेतला. बी.एस्सी. झालेला आमच्या घरातला मी पहिला.

बोंडअळीनं आमच्याकडचा कापूस खाल्ला त्या वर्षी मी अमरावतीत खोली करून नोकरी शोधत होतो. पुण्याला गेलेला वर्गमित्र एकदा फोनवर म्हणाला, "अबे, साहेब लोक आता अर्ज वाचाच्या आधी नेटवर नाव टाकून पायतात. तुया नावानं काय निघते ते पाय."

पाहिलं. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर गॉगल लावून बसलेला मी निघालो. कॉलेजच्या निवडणुकीत कोणाशी तरी घातलेला वादही निघाला, त्यातली भाषा वाचून माझे कान तापले. दोन दिवस बसून मी ते सगळं पुसलं आणि इस्त्रीच्या शर्टातला फोटो लावला. आता माझ्या नावाला डाग नाही, असं वाटलं.

नांदगाव पेठच्या एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात प्रयोगशाळा सहायकाची जागा होती. पहिली मुलाखत चांगली झाली. तिथले अधिकारी म्हणाले, "सोमवारी मोठ्या साहेबांना भेटा." मी चाचांना फोनवर कारखान्याचं नाव सांगितलं आणि एवढंच म्हणालो, सोमवारी परत बोलावलंय. पण आमच्याकडे मुलगी पाहून गेलेल्या पाहुण्यांनी परत बोलावलं की सोयरीक जमलीच म्हणतात. चाचांनी माझ्या नोकरीचंही तसंच धरलं.

रविवारी सकाळी मित्राचा फोन आला. "काहून बे, मॅनेजर झाला अन् सांगतलं नाही?"

नेटवर माझं नाव टाकलं तर सगळ्यांत वर एक फ्लेक्स. मधोमध इस्त्रीच्या शर्टातला मी. 'भातकुलीचा हिरा, मॅनेजरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' वर कारखान्याचं चिन्ह, खाली बारा शुभेच्छुकांचे चेहरे. चाचांनी तो अमरावतीत छापून घेतला होता, आणि फ्लेक्सवाल्यानं रिवाजाप्रमाणे आपलं काम नेटवर टाकलं होतं.

दुपारी अधिकाऱ्यांचा फोन. "मोठ्या साहेबांनी तुमचं नाव शोधलं. हे तुम्ही लावलं का?"

"नाही, सर."

"मग कोणी?"

"विचारून सांगतो, सर," म्हणून मी चाचांचं नाव टाळलं. ते म्हणाले, "भेट आता गुरुवारी. तोवर हे नेटवरून निघालं तर या. नाही तर येऊ नका."

फ्लेक्सवाल्याकडे पळालो. तो म्हणाला, "ज्यानं ऑर्डर देल्ली त्यायचा फोन येऊ दे, मंग काढतो. उद्या चाचा मले बोलन."

सोमवारी भातकुलीला गेलो. फ्लेक्स दुकानासमोरच बांधला होता. पंक्चर काढायला आलेला एक म्हातारा एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे पाहत होता.

"चाचा, पोट्टा तं लय बारीक दिसून राह्यला. मॅनेजर कसा होईन?"

"मॅनेजरले काय पोते उचलाचे असते का?" चाचा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "असा काहून बसला बे? चहा घे. साहेब झाला न तू!"

मी तासभर बसलो. तीन वेळा तोंड उघडलं, तीनही वेळा चहा प्यायलो आणि परत आलो.

शेवटी चिठ्ठी लिहिली. मंगळवारी पहिल्या एसटीच्या कंडक्टरजवळ दिली, तो चाचांना ओळखत होता. संध्याकाळपर्यंत फोटो निघाला. पुढे ती नोकरी मिळाली, तिच्यावरच माझं घर उभं राहिलं. चाचांनी मात्र त्या चिठ्ठीबद्दल कधी एक शब्द काढला नाही. त्यांना वाईट वाटलं, की त्यांना त्यात काहीच विशेष वाटलं नाही, हे मला अजून कळलेलं नाही. वहीत कच्ची प्रत राहिली, ती अशी:

चाचा, सलाम.

काल तुमच्यापुढे बोलता आलं नाही म्हणून लिहितो. मी अजून साहेब झालो नाही. सोमवारी फक्त भेटायला बोलावलं होतं, आणि जागा मॅनेजरची नाही, प्रयोगशाळेत मदतनिसाची आहे. मी फोनवर नीट सांगायला पाहिजे होतं, चूक माझी आहे. फ्लेक्सचा फोटो नेटवर गेला आणि कारखान्याच्या साहेबांनी पाहिला. त्यांना वाटतं मीच फुशारकी मारली. तो गुरुवारच्या आत निघाला नाही तर मला बोलावणार नाहीत. तुम्ही फ्लेक्सवाल्याला फोन करून नेटवरचा फोटो काढायला सांगा.

साहेबांनी विचारलं फ्लेक्स कोणी लावला, तर मी तुमचं नाव सांगितलं नाही. नाव घेतलं तर तुमच्यावर ढकलल्यासारखं होईल असं वाटलं. आता वाटतं, न घेतल्यानं मला तुमची लाज वाटते असं तर झालं नाही ना? तसं नाही, चाचा. गुरुवारी परत विचारलं तर काय सांगू, तेही समजत नाही.

दुकानासमोरचा फ्लेक्स राहू द्यायचा की उतरवायचा, हे मी कोण सांगणार. माझा तेवढा मोठा फोटो आजवर कोणी लावला नव्हता. पण त्यावर लिहिलेलं खरं नाही. तुम्हाला बरं वाटेल तसं करा.

फोन मात्र आजच करा.

तुमचा