दगडावर वाजवलेला बिल्ला

मला इंग्रजी वाचता येत नाही. शिक्षण मराठी चौथी. तरी गोऱ्या पलटणींच्या टोपीवरचे बिल्ले खरे की नकली, हे मी चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो आणि लोक ऐकत आले. बिल्ल्यावर काय लिहिलंय ते शिकलेल्यांनी वाचावं. मी पाठ वाचतो. खरा बिल्ला पातळ पत्र्यावर ठसा मारून काढलेला असतो, म्हणून पुढे जे उठतं ते मागे खोल दिसतं. वाळूत ओतलेल्या बिल्ल्याची पाठ सपाट आणि खरबरीत. डोळ्यांना शंका आली तर दगडावर टाकायचा. ठशाचा टणकन उडतो, ओतीव ठप्पकन बसतो. एवढीच माझी विद्या. याच विद्येने मी एका माणसाला त्याच्या मुलीसमोर खोटं पाडलं. ती मुलगी म्हणजे माझी बायको. तिला जाऊन अकरा महिने झाले.

आमचं दुकान लश्करच्या टोपी बाजारात. संस्थानच्या फौजेला टोप्या, पट्टे, बटणं आम्ही पुरवायचो. मग संस्थान विलीन झालं, मध्यभारत झाला, फौज मोडली. काही जणांना नव्या सैन्यात घेतलं, बाकीचे घरी बसले. जुने बिल्ले शेरावर भंगारात निघाले. त्या ढिगात, कोठारात कधीचे पडून राहिलेले गोऱ्यांचे बिल्लेही होते. टोप्यांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं, म्हणून मी ते भंगार उचललं. एकेक नग निवडून लाल कापडावर लावला, वर काच बसवली. हळूहळू झाशीचे, दिल्लीचे निवृत्त साहेब विचारत यायला लागले. बाड्याच्या चौकात कुणालाही विचारा, बिल्लेवाला म्हटलं की माझं दुकान दाखवायचे.

माझे सासरे त्याच मोडलेल्या फौजेतले, खेचरांच्या तुकडीत हवालदार होते. पिढ्यान्‌पिढ्या शिपाईगिरी केलेलं घर, आणि मुलगी दिली दुकानदाराला. लग्नाच्या पंगतीत ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, "आम्ही लढाईत डोकं घातलं, जावईबापू लोकांना टोपी घालतात." पंगत हसली. मीही हसलो. पण ते मी गाठीला बांधून ठेवलं.

फौज मोडल्याच्या पुढल्या वर्षी ते आमच्याकडे आले. अंगावर खाकी नव्हती. धोतर आणि जुन्या कोटात ते निम्मे दिसत होते. बायकोने चहा टाकला. त्यांनी कोटाच्या खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली. आत पितळी बिल्ला. गोल, मध्ये घोड्यावर बसलेला भालेवाला, घोड्याच्या पायाखाली राक्षस.

"गोऱ्यांचा खंडोबाच म्हणा," ते म्हणाले. "जावईबापू, तुमच्या काचेत याला जागा द्या. घरी ठेवून काय करू? चार लोक बघतील तरी."

त्याची गोष्ट आम्हाला पाठ होती. बर्मात एक गोरा सोजीर मांडीत गोळी लागून पडला होता. सासऱ्यांनी त्याला खेचरावर बांधलं आणि दिवसभर चिखल तुडवत दवाखान्याच्या तंबूपर्यंत नेलं. गोऱ्याने टोपीवरचा बिल्ला उपसून त्यांच्या हातात ठेवला. माझी बायको ही गोष्ट आल्यागेल्याला सांगायची, बापापेक्षाही रंगवून. तिच्याकडे माहेरचं मोठेपण म्हणून तेवढंच होतं.

त्याच सकाळी झाशीच्या एका साहेबाने माझी पाठ थोपटली होती. डोक्यात हवा गेली होती. आणि ती पंगत मी विसरलो नव्हतो. मी बिल्ला उलटा केला. पाठ सपाट. एका कडेला दोन बारीक फुगवटे, ओतताना हवा राहिली की येतात तसे. उठलो, दारातल्या फरशीवर टाकला. ठप्प.

"खोटा आहे," मी म्हणालो.

बाजारात आमची दिवसभर हिंदी चालते. तिथे खोटा म्हणजे खोटा सिक्का, खोटा माल, बस. घरातल्या मराठीत तोच शब्द माणसालाही लागतो. बायको कप घेऊन दारात उभी होती.

"कोण खोटा?" तिने विचारलं.

तिने मला वाट करून दिली होती. अगं, पितळ खोटं, एवढं म्हणालो असतो तरी भागलं असतं.

"बिल्लाही आणि गोष्टही," मी म्हणालो. "ओतीव माल आहे. या बिल्ल्याने गोऱ्याची टोपी कधी बघितलीच नाही, तर गोरा देईल कुठून?"

सासरे मान हलवून हसले. "असेल बुवा. तुम्ही जाणकार. आम्हाला काय, चमकलं की सोनं." त्यांनी बिल्ला फरशीवरून उचलला, धोतराला पुसला, रुमालात परत बांधला. "येतो," म्हणाले. चहा तसाच राहिला. त्यानंतर ते आमच्या घरी आले नाहीत.

बायको भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त एक वाक्य धरलं. मी म्हणालो, दूध आज चोख आहे, की ती म्हणायची, "वाजवून बघितलंत?" पाटणकर बाजारातून लुगडं आणलं, म्हटलं रंग पक्का आहे. "अहो, पण दगडावर वाजवून बघितलंत?" मुलीला स्थळ आलं, मी सांगितलं मुलगा सज्जन आहे. पाहुण्यांसमोर तिचं तेच. लोक हसायचे. मीही हसायचो. कशावरून चाललंय ते आम्हा दोघांनाच माहीत होतं.

सासरे वर्षाच्या आत गेले. त्यांचे दिवस करून ती परत आली तेव्हा तिच्या हातात एक पुरचुंडी होती. अंगारा असेल म्हणून मी विचारलं नाही.

मग काही वर्षांनी मध्यभारताचाही मध्यप्रदेश झाला. राजधानी भोपाळला गेली, इथली दफ्तरं आणि कोठारं रिकामी होऊ लागली, आणि परत भंगार निघालं. त्यात मला ओतीव बिल्ल्यांची एक थैली मिळाली. खोटा माल, वितळवून टाकू, म्हणून मुरारला एका म्हाताऱ्या ठठेऱ्याकडे, म्हणजे तांबटाकडे, नेली. त्याच्या बापाचं दुकान पूर्वी झाशीच्या छावणीत होतं. त्याने थैली जमिनीवर ओतली आणि भाता थांबवला.

"सेठ, ये गलवाने लाए हो? ये तो मेरे बाप के हाथ के हैं."

"तो नकली ही हुए न," मी म्हणालो.

"नकली काहे के? गोरे का बिल्ला गुम हुआ तो सज़ा. वो चुपके से यार का बिल्ला माँग लाता, बाप रेत में दबाके वैसा ही ढाल देता. पहनता तो गोरा ही था न? पीछे देखो, दो बूँद. बाप की निशानी."

मी एक उलटला. दुसरा उलटला. सगळ्यांच्या पाठीवर, कडेला, तेच दोन फुगवटे.

सासऱ्यांची गोष्ट घडली तशीच सांगितली होती का, हे मी सांगू शकत नाही. मी तिथे नव्हतो. पण लढाईच्या दिवसांत झाशीहून पलटणी बर्माला गेल्या होत्या, आणि तो बिल्ला गोऱ्याच्या टोपीवरचा होता. ज्या आवाजावर मी त्यांना खोटं ठरवलं, त्या आवाजाने काहीच सिद्ध होत नव्हतं.

टांगा केला नाही. मुरारहून लश्करपर्यंत चालत आलो, तिला काय सांगायचं ते जुळवत. ती पोळ्या लाटत होती.

"काय झालं? तोंड असं का?"

"काही नाही. ऊन लागलं."

झालं. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, आता हे माझ्या गेलेल्या आबांना कोण सांगणार? हे मी स्वतःला सांगायचं कारण. दुसरं कारण असं की काचेसमोर मोठमोठे साहेब मला मान देत होते, आणि मला तो सोडवत नव्हता. एक वर्ष गेलं, मग दहा गेली. जितका उशीर झाला तितकं सांगणं कठीण झालं.

गेल्या वर्षी तिने अंथरूण धरलं. मी शेजारी बसून म्हणालो, "डॉक्टर म्हणतात बरी होशील."

तिने डोळे उघडले नाहीत. "वाजवून बघितलंत?"

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी उठून औषधाची बाटली हलवत बसलो.

यंदा घरी घट नाहीत, पण नवरात्राआधी देव तर उजळायला हवेत. ते काम कायम तिचं. मी चिंच भिजवली आणि देव्हाऱ्यातले टाक एकेक करून ताटात काढले. कुळाचे, पितरांचे, आमच्या घरात पाच टाक आहेत, हे मला लहानपणापासून माहीत. ताटात सहा होते. खंडोबा दोन. एक आमचा चांदीचा. दुसरा पितळी, भंडाऱ्याच्या थराखाली पार बुजलेला, आणि मागे काहीतरी असल्यासारखा ताटात तिरका बसलेला.

माहेरचा माणूस सासरच्या देव्हाऱ्यात बसवत नाहीत. तिने बाप बसवला होता. आणि पाठ बघून बिल्ला ओळखणारा मी, रोज आंघोळ करून त्याच्यापुढे डोकं टेकत होतो.

थर निघाला तसा भालेवाला दिसला. मी तो उलटा केला. टोपीत अडकवायच्या दोन कड्या, सपाट पाठ, आणि कडेला दोन बूँद. त्यांच्याभोवती हळद घट्ट बसली होती. ती मी तशीच राहू दिली.

पाटा शेजारीच होता. टाकून बघितला नाही. कोरड्या फडक्याने पुसला आणि होता तिथेच, आमच्या खंडोबाशेजारी ठेवला.

"खरा आहे," मी मोठ्याने म्हणालो.

मग सवयीने थांबलो. कुणी काही विचारलं नाही.