जांभळा धूर गिळणारी पावडर

सोलापुरात एका कॉलेजच्या रसायनाच्या प्रयोगशाळेत मी झाडलोट करते, काचेची भांडी धुते. शिक्षण चौथीपर्यंत. कुणी काही विचारलं तर मान हलवायची, एवढंच माझं बोलणं. पण एका सकाळी मी सरांसमोर तोंड उघडलं, ते अजून आठवतं.

तिथं संशोधन करणारी एक मुलगी दोन वर्षं एक पांढरी पावडर बनवत होती. ती म्हणायची, "मावशी, हिच्या कणाकणात डोळ्यांना न दिसणारी भोकं आहेत." अणुभट्टीच्या कचऱ्यातून घातक किरणांचं आयोडीन वायू होऊन सुटतं, ते या भोकांत अडकवायचं होतं. आमच्याकडचं आयोडीन साधं, बिनकिरणांचं. तेही गरम केलं की बंद बरणीत जांभळा धूर व्हायचा.

तीन दिवस झाले, बरणीत पावडर ठेवूनही धूर काही कमी होईना. चौथ्या सकाळी तिचे सर आले.

"भोकांत आधीच पाणी भरलेलं दिसतंय. हवा लागली का?"

"नाही सर, पावडर भट्टीत वाळवून काढली की लगेच झाकते."

"मग पावडरच कच्ची आहे. सोडा ही कृती."

मुलीचा चेहरा उतरला. मी दारात फडकं घेऊन उभी. ती चहाला गेली की गरम पावडरवरचं झाकण रोज मीच बाजूला सरकवत होते, आणि ती यायच्या आत परत लावत होते. फडकं खांद्यावर टाकून पुढं झाले.

"झाकण मी काढत होते, सर."

"कशाला?"

"गरम हाय म्हणून. कडक भाकरी गरम असताना डब्यात भरत न्हाय की आपण. घाम सुटून मऊ पडती."

मुलगी हसत सुटली, मग माझ्याच बोलीत म्हणाली, "मावशी, हिचं उलटं हाय. ही लई तहानलेली. उघडी दिसली की हवेतलं पाणी पिऊन बसती."

सरही हसले. "पोट भरलेलं, मग आयोडीन कुठं बसणार? पुन्हा तापवा."

दुसऱ्या दिवशी पावडर झाकणाखालीच निवली. मी त्या झाकणापासून हललेच नाही. मग बरणीत धूर उठला, गडद जांभळा. बघता बघता फिका झाला, आणि पांढरी पावडर चहाच्या भुकटीसारखी तपकिरी होत गेली. बरणीतून पलीकडची खिडकी दिसायला लागली.

"गेला, सगळा गेला की," मी एवढ्या मोठ्यानं म्हणाले की शेजारच्या वर्गातली पोरं डोकावली.

सर मुलीला म्हणाले, "हीच कृती पुढं न्या." तिनं बरणी उचलून माझ्या हातात दिली. काच अजून कोमट होती.