मामाने पारखलेला संघ

हॉकीच्या मॅचला गेल्यावर माझा मामा चेंडूकडे फारसा बघायचाच नाही. गोल झाला, आजूबाजूचे लोक उभे राहून ओरडायला लागले, की हा मान वाकडी करून राखीव खेळाडूंच्या बाकाकडे बघत बसलेला असायचा. "आजचा निकाल उद्या पेपरात येतो रे," तो म्हणायचा. "पाच वर्षांनी काय होणार, ते त्या बाकावर बसलंय."

मामा नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचा आणि हिंदमाताला एका दुकानात गादीवर बसून साड्या दाखवायचा. मामी लवकर गेली होती, मुलगी लग्न होऊन बदलापूरला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दुकानातले बाकीचे क्रिकेट बोलायचे. मामा एकटा हॉकी. मुंबईचा व्यावसायिक संघ निघाला तेव्हा तर त्याला घरात लग्न निघाल्यासारखं झालं. कप्तान कोण, गोल कोणी केले, यात त्याला रस नव्हता. कोवळी पोरं किती आहेत, कोच त्यांना वेळ देतो का, हरल्यावर मालक त्यांच्याशी बोलायला थांबतो की तडक गाडीत बसतो, हे तो बघायचा. साडी हातात आली की पदराच्या आधी काठाची उलटी बाजू तपासायची त्याची सवय होती, तीच इथे.

"हरू देत की," संघ ओळीने हरत होता तेव्हा तो मला म्हणाला. "हरतानासुद्धा एकमेकांवर डाफरत नाहीत, बघितलंस? हा संघ दहा वर्षं हलत नाही."

मी गोलकीपर. खेळाचा नाद मामानेच लावलेला. त्याच संघाने मला बोलावलं, आणि नेमकी तेव्हाच खेळाडूंच्या कोट्यातून एक सरकारी नोकरी चालून आली. नोकरी घेतली तर त्या खात्याकडूनच खेळायचं. दोन्ही जमणार नव्हतं. आई म्हणाली, नोकरी घे. माझं मन संघाकडे. शेवटी आईने रविवारी मामाला जेवायला बोलावलं, बोंबलाचं कालवण केलं आणि सरळ विचारलं, "तू सांग. हा संघ राहणार आहे का?"

मामाने हात धुतले, सावकाश पुसले. "राहणार, ताई. नाद आहे म्हणून सांगत नाही, मी नीट बघितलंय. नोकरी सोडू दे त्याला."

मी संघाच्या करारावर सही केली.

दुसरा हंगाम संपला आणि मालकाने संघ बंद केला. त्याच्या दुसऱ्या कुठल्याशा धंद्यात बिघडलं होतं म्हणे. मामाने पाहिलेली पोरं, कोच, सगळं खरंच चांगलं होतं. मालकाच्या मनातलं तेवढं स्टेडियममध्ये बसून दिसत नव्हतं. तोवर माझी सरकारी जागा दुसऱ्याला गेली होती.

मामा दुसऱ्या दिवशी आला आणि दारातच उभा राहिला. आईने किती वेळा 'आत ये' म्हटलं, तरी उंबरा ओलांडला नाही. "ताई, मी पोराचं वाटोळं केलं," एवढंच बोलला आणि जिना उतरून गेला.

त्यानंतर त्याची हॉकी सुटली. टीव्हीवर मॅच लागली की तो गॅलरीत जाऊन उभा राही. माझ्यासाठी शब्द टाकायला मात्र परळ-लालबागच्या कुठल्या कुठल्या ऑफिसांचे जिने चढला. शेवटी दादरच्या एका शाळेत मला खेळाच्या शिक्षकाचं काम मिळालं, तेही त्याच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंमुळे. काम कंत्राटी, दरवर्षी पुन्हा धाकधूक. मी मामाला शाळेतले किस्से रंगवून सांगायचो, गरजेपेक्षा मोठ्याने हसायचो. खेळताना दुखावलेला गुडघा ठणकत असला तरी त्याच्या खोलीत लंगडायचो नाही. "मामा, तुझं काही चुकलं नाही रे," हे दर भेटीत ठरलेलं. तो माझ्या ताटात सुरमईची आणखी एक तुकडी वाढायचा. मला वाटायचं, मी त्याला धीर देतोय. पण दर वेळी त्याचा चेहरा आणखीच उतरायचा.

पुनर्विकासासाठी चाळ रिकामी करायची वेळ आली. मामा लेकीकडे राहायला निघाला, म्हणून सामान बांधायला मी गेलो. टेम्पो यायचा होता. गुंडाळलेल्या गादीवर आम्ही दोघं बसलो होतो, तेव्हा त्याने विचारलं, "बाबू, ती नोकरी घेतली असतीस तर आज कसा असतास?"

नेहमीचं उत्तर ओठांवर आलं. पण पुढच्या वर्षाचं अजून नक्की नाही, असं शाळेने त्याच सकाळी कळवलं होतं. मला हसता येईना.

"बरा असतो, मामा," मी म्हटलं. "तुझं चुकलं. मला तेव्हा तुझा खूप राग आला होता."

मामाने खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले आणि लांब श्वास सोडला.

"मग तेव्हाच बोलायचं ना रे, मेल्या! तू आपला हसायचास. मला वाटायचं, हा चूक झाली असं मानतच नाही, मग माफ कधी करणार?"

"केलं, मामा. कधीच केलं."

त्याने माझा हात धरला. टेम्पोवाला खालून हॉर्न वाजवत होता, तरी सोडला नाही.

बदलापूरला तो जेमतेम वर्षभर राहिला. एका दुपारी जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही. तेराव्याला मामेबहिणीने मला बाजूला घेतलं. "बाबा इथे आल्यावर परत मॅच बघायला लागले होते रे. मोबाईलवर, मोठमोठ्याने ओरडत. निघायच्या दिवशी तू काय बोललास त्यांच्याशी?"

'तू चुकलास' असं मी त्याला म्हणालो, हे त्याच्या लेकीला कसं सांगणार? आणि ते म्हणायला इतकी वर्षं लावली, तेवढी वर्षं तो गॅलरीत उभा राहिला, हे कुठल्या तोंडाने? ती उत्तराची वाट बघत होती.

"काही नाही गं," मी म्हटलं. "सामान बांधत होतो."