गाठीत दाबलेला फोटो

अन्याय झाला तो सरकी झाडणाऱ्या एका बाईवर. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी तीनच्या चहाची सुट्टी संपल्या संपल्या, राळेगाव रस्त्यावरच्या एका जिनिंग कारखान्यात. बाजूला काम करणाऱ्या शेजारणीचा पदर मशीनच्या पट्ट्यात ओढला गेला आणि तिची मान पट्ट्यापर्यंत खेचली गेली, तेव्हा हिने धावत जाऊन मशीन बंद केलं. शेजारीण वाचली. मशीन थांबवलं म्हणून मुकादमाने हिला मारलं. कापसाची गाठ आवळायची लोखंडी पट्टी घेऊन मारलं. पहिल्या फटक्यात कानाची पाळी फाटून लोंबली. दुसरा अडवायला तिने हात वर केला, दोन बोटं मोडली. ती पडली, तरी तो मारतच होता.

पोलीस ठाण्याच्या कागदावर आलं, ‘पडून जखम’.

मी तेव्हा यवतमाळला आमच्या मजूर संघटनेचं एका खोलीचं ऑफिस सांभाळायचो. कापसाची ती वाईट वर्षं होती. जिल्ह्यात पुढारी यायचे, कॅमेरे यायचे, पण जिनिंगच्या फाटकाआत कोणी डोकावत नव्हतं. त्याच संध्याकाळी सरकारी दवाखान्यात मी तिच्या पाठीचे फोटो काढले. पट्टीची रुंदी मोजता येईल इतके स्वच्छ वळ. डॉक्टरांचा पहिला कागद स्कॅन केला. त्यात लोखंडी वस्तूचा मार असं साफ लिहिलं होतं. तिची सगळी तक्रार या दोन फायलींवर उभी होती.

ऑफिस फोडू, अशा धमक्या यायला लागल्या, म्हणून मी बॅकअप घ्यायला बसलो. आमची पत्रकं टाइप करणारा एक दोस्त होता, बसस्टँडजवळ त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. तो म्हणाला, “प्रत्येक मानसाचं येगळं फोल्डर कर अन् जसंच्या तसं कॉपी मार. दोन-चार डीव्हीड्या जास्त लागतील, लागू दे. पाह्यजे तो कागद झटक्यात सापडते.”

मला ते पटलं नाही. मला पत्रकाची सवय. पत्रकात माणूस हजारांनी येतो, एकटा येतच नाही. मी चार तालुक्यांतल्या सगळ्या तक्रारी, फोटो, जबाब एकत्र दाबून, झिप करून, एकच मोठी फाईल केली आणि तिचे सात तुकडे सात डीव्हीडींवर टाकले. सातही वाचल्याशिवाय आतलं काहीच दिसणार नाही, असा तो प्रकार.

“आपली मानसं येगळी येगळी नाही ठेवत आपण,” मी त्याला सुनावलं.

“मानसं नाही बे, फायली म्हनून राह्यलो मी! भाषण चौकात दे.”

मी हसण्यावारी नेलं.

आठवड्याभराने भर दुपारी चौघं लाठ्या घेऊन ऑफिसात घुसले. कॉम्प्युटरचा चुरा केला, कागदांचे गठ्ठे, डॉक्टरांच्या त्या कागदासकट, रस्त्यावर ओढून पेटवले. एकाने माझ्या छातीवर पाय ठेवून विचारलं, “आता काय दाखवशीन बे?” माझ्या तोंडात रक्त होतं, तरी मी मनात हसलो. डीव्हीड्या घरी होत्या, झोळीत, पत्रकांच्या गठ्ठ्याखाली.

सुनावणीच्या दिवशी कामगार कार्यालयातल्या साहेबांनी सांगितलं, एक वाजेपर्यंत पुरावा आणा. मी बाईला घेऊन दोस्ताच्या दुकानात पळालो. साडेअकरा वाजले होते. पहिली डीव्हीडी, दुसरी, तिसरी. मशीन घरघरत होतं. हाताला प्लास्टर, कानावर पदर, बाई स्टुलावर बसून बघत होती.

“भाऊ, माहा फोटो कोन्त्या चकतीत हाय?”

“सगळ्यांत मिळून आहे.”

“म्हंजे?”

मी समजावलं. तिने कानावरचा पदर सावरला. मग म्हणाली, “म्हंजे गाठच बांधली ना तुमी. मूठभर रुई पाह्यजे तरी सारी पट्टी तोडा लागते. एकल्या माह्या फोटोपायी साऱ्या जिल्ह्याले कायले उठवून राह्यले?”

दोस्ताने माझ्याकडे पाहिलं. बोलला असता तर मी त्याच्या अंगावर गेलो असतो.

पाचवी डीव्हीडी अर्ध्यात अडकली. काढली, पुसली, पुन्हा घातली. उजेडात धरली तर आरपार ओरखडा. त्याच झोळीत मी टाचण्यांची उघडी डबी ठेवली होती. एक तुकडा गेला आणि सातही गेले. मी मूठ आपटली, टेबलाची काच फुटली. त्या काचेने काय सिद्ध होणार होतं?

एक वाजता बाईने साहेबांच्या टेबलावर आपला प्लास्टरचा हात ठेवला. साहेब म्हणाले, “बोटं मोडलेली दिसतात बाई. कोणी मोडली ते दिसत नाही.” खाली लिहिलं, ‘पुरावा सादर नाही’. तक्रार बंद. बाहेर पायरीवर मुकादम पानाची पिंक टाकत उभा होता. तिला बघून म्हणाला, “उद्या येजो कामावर. पडशीन-बिडशीन नको.”

मी त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. बाई मला म्हणाली, “आता कायले मारता त्याले? तवा फोटो पाह्यजे होता.”

तिची बोटं वाकडीच जुळली. चार लाठ्यांनी मोडला नाही तो पुरावा मी माझ्या हाताने मोडला, आणि तोही एकजुटीच्या नावाखाली.

तुमच्या संघटनेत, शाळेत, पंचायतीत कुठेतरी लोकांचे कागद दाबून ठेवलेली अशी एक गाठ नक्की आहे. आत्ता उठा. एका माणसाचं नाव घ्या आणि त्याचा एक कागद काढून दाखवा. चहा उकळेपर्यंत निघाला नाही, तर ती गाठ आजच फोडा. प्रत्येकाचं वेगळं फोल्डर करा, न दाबता, आणि दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. मोडलेलं बोट घेऊन कोणी तुमच्या दारात येईपर्यंत थांबू नका.